पऱ्हाटीची पेनं

शिमगा आठ-दहा दिवसांवर आला की बाभुळगावच्या आसपासची शेतं भुंडी होऊ लागतात. शेवटची वेचणी आटोपलेली असते. वाळलेल्या बोंडांना कुठे कुठे कवडी, म्हणजे हलका, कापूस लटकत राहतो, आणि माणसं लोखंडी चिमटे घेऊन पऱ्हाट्या उपटत ओळीओळीनं पुढे सरकतात. कापसाच्या झाडाला आम्ही पऱ्हाटी म्हणतो. चिमट्यात बुडखा धरून दांडीवर जोर दिला की काळी जमीन थोडा वेळ धरून ठेवते आणि मग कट्कन सोडते. लहानपणी तो आवाज मला आवडायचा. आता तो आला की मी खिडकी लावून घेते.

त्याच दिवसांत दहावीची परीक्षा असते. सकाळी गच्च्यांवरून पाठांतराचे आवाज येतात. नाल्याकाठचा पळस पेटलेला असतो. दहा वाजताच ऊन डोक्यात जातं. एसटीत पोरी पॅडवर डोकं टेकून काहीबाही पुटपुटत असतात, आणि कुणाच्या कंपासपेटीत पेनं वाजली की माझं लक्ष तिकडे जातं. पेनं हाच माझा धंदा आहे. लाकडाची, हातानं केलेली. पुण्या-नागपूरपर्यंत जातात. माझ्याबद्दल एकदोन ठिकाणी छापूनही आलं. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे. जे लिहिलेलं नाही ते मात्र दर फाल्गुनात माझ्यासमोर येऊन बसतं.

सुरुवात चुलीपासून झाली. पऱ्हाटीचं दुसरं काय होतं आमच्याकडे? चूल, नाहीतर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून दिलेला ढीग. एका वर्षी आमच्या पऱ्हाट्या लवकर, पौषातच उपटल्या; तेव्हा एका संध्याकाळी चुलीत सारायला घेतलेला एक जाड बुडखा मी सहज विळ्यानं तासला. साल निघाली आणि आतून पिवळसर पांढरं, जुन्या हस्तिदंतासारखं लाकूड निघालं. मध्ये गाभ्याची बारीक रेघ. मी तो तुकडा बोटांत पेनासारखा धरून बघितला. एवढंच.

याची पेनं करून विकते म्हटल्यावर नवरा म्हणाला, "पऱ्हाटीचे पेन? लोकं हासन."

सासूबाई त्याच्याही पुढे गेल्या. शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चुलीतलं लाकूड इकाले निघाली आमची सून."

मी हे सांगते आहे ते माझी कीव यावी म्हणून नाही. पुढे मी जे केलं त्याचं कारण म्हणून मी बरीच वर्षं हेच हसू पुढे करत आले. स्वतःपुढेही. ते कारण पुरत नाही.

पेन करायचं म्हणजे लाकूड गरगर फिरवून तासायचं खराद मशीन हवं, आणि मशीनवर बसणारा हात हवा. नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावर देवसिंग काकाजी होते. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. आता तांड्यावर सगळे कापूस-तूर पेरतात. काकाजींचीही थोडी जमीन होती. पण तरुणपणी ते यवतमाळला एका फर्निचरच्या कारखान्यात खरादीचं काम शिकले आणि पाळण्यांच्या खुंट्या करता करता पाळणेच करायला लागले. इथपासून कळंबपर्यंत ज्या घरात लेकरू झालं, त्या घरात बहुतेक त्यांचाच सागवानी पाळणा होता. माझा मुलगाही त्यातच झोपला.

मी तो तुकडा घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो नाकाशी नेला, मग जिभेला लावला.

"कधीची उपटली?"

"परवाची."

"मंग हे लाकूड नाही बाई, हे अजून झाड आहे."

तरी त्यांनी तो मशीनला लावला. पटाशी टेकवली आणि लाकडाची पांढरी साल कापसाच्या पेळूसारखी उलगडत त्यांच्या मनगटावर पडत गेली. आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी बसवली, फिरत्या लाकडावर चपड्याची, म्हणजे लाखेची, कांडी घासली. घर्षणानं चपडा वितळला, आणि जळक्या साखरेसारखा वास पत्र्याच्या त्या खोपीभर पसरला. काकाजी साठीच्या पुढचे होते, पण हात असा की नळी आणि लाकूड यांत केससुद्धा गेला नसता. पहिलं पेन मी कळंबला चिंतामणी गणपतीच्या पायाशी ठेवून आले. दुसरं त्यांनी आपल्या नातीला दिलं.

नात म्हणजे पूनम. त्या वर्षी दहावीला होती. आईबाप ऊसतोडीला जात, म्हणून ती आजोबांपाशी राहायची. तांड्यावर आजोबाला दादा म्हणतात. खोपीच्या उंबऱ्यावर बसून ती अभ्यास करायची आणि झालेलं प्रत्येक पेन वहीच्या शेवटच्या पानावर चालवून बघायची. "दादा, हे अडकते." "दादा, हे मस्त." माघातली ती दुपार अजून माझ्या अंगावर आहे. मशीनचा घूं घूं, उडणारा भुसा, मधूनच बीजगणिताची सूत्रं, आणि मी दारात बसून कापडानं पेनं पुसते आहे. इतकी सुखी मी नंतर कधी झाले नाही. नंतर धंदा वाढला.

पूनमच्याच शाळेच्या मुख्याध्यापकांनी पेन पाहिलं. दहावीच्या निरोप समारंभाला प्रत्येक मुलाला एक द्यायचं त्यांच्या मनात आलं. दीडशे मुलं. "आपल्या मातीतल्या कापसाच्या झाडाचं पेन, शुभांगीताई. पोरांना आयुष्यभर आठवलं पाहिजे." हातात तीन आठवडे होते. मी हो म्हणून आले.

काकाजींनी मशीन बंद केलं.

"एवढ्यात नाही होणार. लाकडाले एक पावसाळा खाऊ द्या लागते. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते, मंग आपल्या जाग्यावर बसते. आता केलं तं उन्हाळा लागला की फाटन."

"पण शाळेला आत्ताच पाहिजेत."

"मंग शाळेले सांगा, पुढच्या साली."

पुढच्या साली! मी घरी जाऊन काय सांगणार होते? गावातल्या बेकरीवाल्याला मी गाठलं. पाव काढल्यावर त्याची भट्टी बराच वेळ कोमट राहते. चार दिवस मी पऱ्हाटीचे तुकडे टोपल्यांनी त्या भट्टीत ठेवले. बाहेर काढले तेव्हा खडखडीत वाजत होते, आणि त्यांना खारीचा वास येत होता. मी टोपली काकाजींपुढे ठेवली. त्यांनी एक तुकडा दुसऱ्यावर आपटून ऐकला.

"भट्टीत लाकूड सुकत नाही बाई. भेते."

"काकाजी, तुम्ही करा. जबाबदारी माझी."

हे मी म्हणाले होते. पूनम उंबऱ्यावर होती, तिनंही ऐकलं. काकाजींनी मान डोलावली आणि दीडशे पेनं केली.

निरोप समारंभाला शाळेनं मला शाल-श्रीफळ दिलं. काकाजी धुतलेलं धोतर नेसून मांडवात शेवटच्या रांगेत पालकांमध्ये बसले होते. मुख्याध्यापकांनी त्यांचं नाव घेतलं नाही, कारण मी ते सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. प्रत्येक मुलगा स्टेजवर येऊन पेन घेऊन जात होता. पूनमची पाळी आली तेव्हा तिनं पेन घेतलं, मांडवात मागे बघितलं आणि पेन वर धरून दाखवलं. शेवटच्या रांगेत एक हात वर झाला.

पहिले पेपर बरे गेले. मग ऊन वाढलं. त्या वर्षी फाल्गुनातच रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. शाळेच्या वर्गांवर पत्रे होते. त्या पत्र्यांखाली भ्यालेलं लाकूड उभं फाटू लागलं. आधी एक रेघ, मग रेघेत नख जाईल एवढी फट, मग नळीपासून सुटलेलं लाकूड. पोरांनी त्यांना रबरं गुंडाळली, दोरे बांधले, नाहीतर फेकून दिली. बहुतेकांपाशी दुसरी पेनं होती. पोरं हसली. पूनमला चिडवलं, "तुह्या आज्यानं चुलीतलं इंधन वाटलं का व?" म्हणजे सासूबाईंचं वाक्य तिथपर्यंत पोचलं होतं.

पूनमनं मात्र दुसरं पेन घेतलं नाही. गणिताच्या पेपरला ती तेच घेऊन गेली. फट बोटाला टोचत होती म्हणून तिनं वहीतली कोऱ्या कागदाची पट्टी फाडून पेनाभोवती गुंडाळली आणि वरून दोरा बांधला. नेमकं त्या दिवशी केंद्रावर भरारी पथक आलं. पेनाला गुंडाळलेला कागद आणि आत पोकळ नळी. तिला उठवून बाहेर व्हरांड्यात उभं केलं. दोरा सोडला, कागद उलगडला, नळीतून रिफील काढून फुंकून बघितली. काही निघालं नाही. तिला परत आत बसवलं तोवर पाऊण तास गेला होता. शेवटचे दोन प्रश्न तिचे राहिले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला आणि काकाजींना बोलावलं. ते घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस कोणाला तरी शोधतो. टेबलावर फाटलेल्या पेनांचा ढीग होता. "शाळेचं नाव पथकाच्या वहीत गेलं, ताई. पालक विचारून राह्यले, हे काय वाटलं म्हणून. काय सांगू मी? मी तर सगळ्या शाळांना तुमचं नाव सुचवलं होतं." काकाजी दाराजवळ उभे होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. उघड्या दारातून व्हरांड्यातल्या बाकावरची पूनम दिसत होती, मांडीवर पुढच्या पेपरचं पुस्तक.

मला सांगता आलं असतं की लाकूड ओलं होतं. भट्टीची अक्कल माझी होती, हेही. निदान गप्प राहता आलं असतं.

मी म्हणाले, "सर, माल यांनी केला. आता तुम्हाला काय सांगायचं, तांड्यावरची माणसं. संध्याकाळची सवय आहे यांना. हात थरथरतात."

हे वाक्य मला सुचलं असं मी म्हणू शकत नाही. सुचायला वेळ लागतो. ते तयार होतं. किती वर्षांपासून माझ्या आत तयार होतं कोण जाणे. घरात, शेतात, लग्नाच्या पंगतीत तांड्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकत मी वाढले, आणि मला वाटत होतं की मी ते मागे टाकलं. मी काकाजींच्या हातचा चहा पीत होते ना! गरज पडली तेव्हा मला शोधावंसुद्धा लागलं नाही.

आणि मला माहीत होतं. काकाजींचे वडील दारूपायी गेले होते. "बापानं पेऊन पेऊन बैल इकले," असं त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं. तांड्यावर लग्नात बाटल्या निघाल्या की ते उठून गोठ्यात जाऊन बसत. जन्मभरात त्यांनी एक थेंब घेतला नव्हता, आणि ही एकच गोष्ट ते थोड्या अभिमानानं सांगत.

मुख्याध्यापकांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी बघितला. "तरीच," ते म्हणाले. मग काकाजींकडे वळून, "काय हो, खरं आहे का?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराबाहेर, बाकाकडे. पूनमचे तीन पेपर राहिले होते, आणि पथकाच्या शेऱ्याचं पुढे काय करायचं ते या खोलीत ठरणार होतं.

"चूक झाली, सर," ते म्हणाले. "पोरीचं नुसकान करू नका."

बाहेर कडुलिंबाच्या सावलीत त्यांनी मला थांबवलं. राग नव्हता. ते मला काहीतरी समजावून देत असल्यासारखे बोलले. "मले दिसत नाही म्हटलं असतं तं चाललं असतं. काम येत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी पेत नाही हे तुमाले माहीत होतं, बाई."

पूनम मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं आजोबांचा हात धरला आणि ती दोघं उन्हातून चालत गेली. मी त्यांच्या मागे गेले नाही. मला आठवतं, मी आधी मनात म्हटलं, सुटले.

ती बातमी तांड्यावर त्यांच्याआधी पोचली असावी. आमच्या गल्लीत एका सुनेचं बाळंतपण होतं, पाळणा काकाजींना सांगितलेला होता. तिच्या सासूनं मला अंगणात गाठून सांगितलं, "बरं झालं तुम्ही बोलल्या. लेकराच्या पाळण्याले असा हात नको लागाले." मग दुसऱ्या घरानं सांगितलेला पाळणा रद्द केला. मग तिसऱ्यानं. बाजारात लोखंडी पाळणे मिळतातच. वर्षभरात काकाजींचं मशीन बंद पडलं. पूनम पास झाली. गणितात काठावर.

आणि मी? उरलेल्या पऱ्हाट्या मी पत्र्याच्या शेडमध्ये विसरले होते. त्यांनी पावसाळा खाल्ला, हिवाळा खाल्ला. पुढच्या वर्षी यवतमाळचा एक कारागीर ठेवला आणि त्या लाकडाची पेनं केली. एकही फाटलं नाही. काकाजी म्हणाले तसंच सगळं झालं, अक्षरशः तसंच. महिला दिनाच्या कार्यक्रमात मला यशोगाथा सांगायला बोलावलं. मी माईक धरून म्हणाले, "लाकडाला एक पावसाळा खाऊ द्यावा लागतो." बायांनी टाळ्या वाजवल्या. हे वाक्य कुणाचं, ते मी सांगितलं नाही. त्या दिवशीही सांगायचं राहून गेलं असं म्हणायला आता माझी जीभ धजत नाही.

खोटं पसरायला एक दुपार लागली होती. खरं सांगायला मी निघाले तेव्हा कळलं, ते कुणाला नकोच होतं. मुख्याध्यापक आता निवृत्त झालेत. त्यांच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. ते हसले. "जाऊ द्या ना ताई, इतकी जुनी गोष्ट. आणि घेतच असतील थोडी, तुम्हाला काय माहीत?" मग मी बचत गटाच्या बैठकीत बोलले. उभी राहून, स्पष्ट म्हणाले की मी खोटं बोलले होते, तो माणूस पीत नव्हता. मग एक जण डोळे पुसत म्हणाली, "किती मोठं मन तुमचं. अजून झाकता त्या माणसाचं." दुसरीनं मान हलवली. माझी कबुलीही माझ्याच नावावर जमा झाली.

यंदा फाल्गुन लागला आणि मी तांड्यावर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकाजी अंगणात बाजेला दोरी भरत बसले होते. फार वाळले होते, पण हात तसाच. दोरी ओढताना एकदाही चुकला नाही.

"या बाई, बसा. पूनम, पानी आण."

पूनम पाणी घेऊन आली. ती आता नर्स आहे, सुट्टीत आली होती. तिनं पेला माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला.

काकाजींनी माझ्या मुलाची चौकशी केली. तुरीचं विचारलं. मी मध्येच म्हणाले, "काकाजी, त्या दिवशी शाळेत मी तुमच्याबद्दल खोटं बोलले. त्याची माफी मागायला आले."

त्यांनी दोरी ओढली, गाठ मारली.

"कोणत्या दिवशी?"

"शाळेत. पेनं फाटली तेव्हा. मी सरांना म्हणाले की..."

"मले नाही आठवत बाई."

"काकाजी, मी म्हणाले होते की तुम्ही दारू..."

"वय झालं आता. काई ध्यानात राहत नाही." ते माझ्याकडे बघून हसले, कोणाही पाहुण्याकडे बघून हसतील तसे. "चहा घेऊन जा. ऊन लय आहे."

मी अजून दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी तेवढ्याच मायेनं सांगितलं की तसं काही झाल्याचं त्यांना आठवत नाही. चहा झाला. मी उठले. त्यांनी पूनमला सांगितलं, "बाईले सडकेवर सोडून ये."

आम्ही दोघी धुऱ्यानं चालत निघालो. बाजूच्या वावरात पऱ्हाट्या उपटणं चालू होतं, कट्, कट्. सडकेवर पोचल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणाले, "त्यांना खरंच आठवत नाही का गं?"

"दादाले सारं आठवते," पूनम म्हणाली. "तुम्ही कोणती साडी घातली होती तेबी."

"मग नाही काहून म्हणाले?"

ती रस्त्याच्या वळणाकडे बघत होती. एसटी येताना दिसली तसा तिनं हात केला.

"घरी आलेल्या माणसानं माफी मागतली तं द्या लागते आमच्यात. आठवते म्हटलं असतं तं दादाले द्या लागली असती."

एसटी थांबली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. बाहेर बघितलं तोवर ती परत फिरून धुऱ्याला लागली होती.